कड्याखालचे चर्च



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलाविले, तेव्हा आम्ही किमान वेतनावर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलू, अशी त्यांची अपेक्षा होती. ती चूक नव्हती. गेली तीस वर्षे आम्ही दुसरे फारसे काही बोललेलोच नाही. पण आम्ही चालकांना कळविले की, यंदा आम्हांला स्वित्झर्लंडमधल्या एका प्राचीन मठाविषयी आणि त्याच्या चर्चविषयी बोलावयाचे आहे. त्यावर चालकांपैकी एका स्नेह्यांनी मोठ्या अदबीने विचारले, “भाऊ, विषय नक्की हाच ना?”

प्रश्न रास्त आहे, तेव्हा उत्तर आरंभीच दिलेले बरे. आम्ही वास्तुशास्त्रज्ञ नव्हे, इतिहासाचे पंडित नव्हे आणि धर्माने ख्रिस्तीही नव्हे. लॅटिन आम्हांला येत नाही. 1982 च्या जानेवारीत मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा आमचे वडील साचेखात्यात होते आणि आम्ही सातवीत होतो. संप लांबला, तशी आमची शाळा सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले, ते वाचनालयाच्या बाकावर. तिथेच एकदा युरोपच्या इतिहासावरील एका जाडजूड ग्रंथात चार ओळी वाचनात आल्या. आल्प्स पर्वतातील एका मठात सहाव्या शतकात साधूंनी आपसांत पाळ्या लावून घेतल्या होत्या आणि रात्रंदिवस, खंड पडू न देता, देवाची स्तोत्रे गायिली जात होती, असे त्यांत म्हटले होते. पाळ्यांची ती गोष्ट वाचली आणि आमचे बोट त्या ओळीवर थांबले. ज्या घरात भोंग्यावर चूल पेटत होती, त्या घरातल्या माणसाला असे व्हावे, यात नवल नाही.

पुढे 2015 मध्ये एका कामगार शिष्टमंडळाबरोबर जिनीव्हास जाण्याचा योग आला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची वार्षिक परिषद तेथे जून महिन्यात भरते. मधला एक रविवार मोकळा मिळाला. बरोबरची मंडळी बोटीतून सरोवर पाहावयास गेली. आम्ही स्टेशनवर जाऊन सेंट मॉरिसचे तिकीट काढले. योगायोग असा की, त्याच वर्षी त्या मठाला 1500 वर्षे पूर्ण होत होती. त्या दिवशी जे पाहिले आणि त्याच्या आधी व नंतर जे वाचले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम जागा कशी आहे, ते ध्यानात घेऊ. आगगाडी जिनीव्हा सरोवराच्या काठाकाठाने जाते. लोझान येते, माँत्रे येते, पाण्याला लागून उभा असलेला शियाँचा किल्ला मागे पडतो. मग सरोवर संपून रोन नदीचे खोरे सुरू होते. दोन्ही बाजूंचे डोंगर जवळजवळ येऊ लागतात आणि एके ठिकाणी इतके जवळ येतात की, नदी, सडक आणि रूळ यांना जेमतेम वाट उरते. त्या चिंचोळ्या जागी, पश्चिमेच्या उभ्या कड्याला पाठ लावून सेंट मॉरिस हे लहानसे गाव बसले आहे. गावाचे जुने नाव अगाउनुम. हा शब्द केल्टिक भाषेतला असून त्याचा अर्थच खडक असा आहे.

आपल्याकडे घाटाच्या तोंडाशी गाव का वसते, हे आपणांस ठाऊक आहे. येथेही तेच. येथून वर गेले की मार्तिन्यी, आणि तेथून ग्रेट सेंट बर्नार्ड खिंड चढून इटलीत उतरता येते. रोमन साम्राज्यात इटली आणि गॉल, म्हणजे आजचा फ्रान्स व आसपासचा मुलूख, यांना जोडणारा हा एक मुख्य रस्ता होता. त्यामुळे अगाउनुम येथे रोमन लोकांनी जकात नाके बसविले. मालाच्या किमतीच्या चाळिसावा हिस्सा, म्हणजे शेकडा अडीच, जकात घेतली जाई. तेथील रोमन शिलालेखांवरून हे कळते. तात्पर्य, येथे देव येण्याच्या आधी व्यापारी आला होता, जकातदार आला होता आणि शिपाई आला होता.

त्यांपैकी शिपायांची कथा आता सांगतो. लियाँचा बिशप युकेरियस याने ती पाचव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास लिहून ठेविली. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस मॅक्सिमियन हा रोमचा सहसम्राट होता. त्याच्या फौजेत इजिप्तमधल्या थीब्झ प्रांतातून आलेले एक पथक होते. युकेरियस त्याची संख्या 6600 देतो. हे शिपाई ख्रिस्ती होते. त्यांचा नायक मॉरिस. त्याच्याबरोबर एक्झुपेरियस आणि कँडिडस हे अधिकारी. अगाउनुमजवळ तळ पडला असता सम्राटाचा हुकूम आला की, ख्रिस्ती लोकांना पकडून आणा. पथकाने नकार दिला. रोमन शिस्तीप्रमाणे दर दहांमागे एकाला मारण्यात आले. हुकूम पुन्हा निघाला, पुन्हा नकार आला, पुन्हा दहावा माणूस पडला. अखेर सगळे पथक कापून काढण्यात आले. युकेरियस मुद्दाम सांगतो की, त्यांच्या हातांत शस्त्रे होती, तरी त्यांनी ती उगारली नाहीत.

याच कथेची दुसरी एक जुनी आवृत्ती आहे. तीत मॅक्सिमियन बागौदांचा बीमोड करावयास निघाला होता, असे आहे. बागौदा म्हणजे गॉलमधले बंडखोर. कर आणि वेठ यांनी गांजलेले शेतकरी त्यांत पुष्कळ होते. या आवृत्तीत पथकाला देवांपुढे बळी देण्यास सांगण्यात आले आणि त्याला त्यांनी नकार दिला.

आता ही कथा कितपत खरी, हा प्रश्न येतो. घटना आणि युकेरियसचे लिखाण यांच्यात दीडशे वर्षांचे अंतर आहे. संपूर्ण पथक एका जागी मारले गेले, यावर आजचे बहुतेक इतिहासकार विश्वास ठेवीत नाहीत. काही शिपाई मारले गेले असावेत आणि कथा वाढत गेली असावी, असे मानणारे आहेत. सगळीच कथा रचलेली आहे, असे मानणारेही आहेत. आम्ही त्या वादात पडत नाही. आमच्या ध्यानात राहते ते एवढेच की, युरोपातल्या सामान्य माणसाने दीड हजार वर्षे ज्याचे नाव मुलांना ठेवले, तो मॉरिस या कथेत लढाई जिंकणारा वीर नाही. वरच्याचा हुकूम एकजुटीने नाकारणाऱ्या पथकाचा तो पुढारी आहे. जर्मनीत माग्डेबुर्गच्या कॅथीड्रलमध्ये तेराव्या शतकातला त्याचा पुतळा आहे. तो काळ्या आफ्रिकी माणसाचा, अंगात चिलखत घातलेला असा आहे. आणि हे नाव आपल्याही फार लांबचे नाही. हॉलंडच्या एका राजपुत्राचे नाव या संताच्या नावावरून पडलेले मॉरिट्स असे होते. 1598 मध्ये डच खलाशांनी त्याचे नाव हिंदी महासागरातल्या एका बेटाला दिले. तेच मॉरिशस. तेथल्या ऊसमळ्यांत गेलेल्या मजुरांत आपली मराठी माणसेही होती आणि त्यांचे वंशज आजही तेथे आहेत.

चौथ्या शतकाच्या अखेरीस मार्तिन्यीचा बिशप थिओडोर याने या शिपायांच्या अस्थी सापडल्याचे जाहीर केले आणि त्यांच्यावर एक छोटे प्रार्थनास्थान बांधले. युकेरियसने त्याचे जे वर्णन केले आहे, ते ऐकून आमच्या गिरणगावातल्या कोणालाही ती वास्तू डोळ्यांपुढे उभी करता येईल. ते म्हणे प्रचंड खडकाला टेकून उभे होते आणि त्याला एकच पाखे होते. म्हणजे काय? पडवी. मागे भिंत बांधण्याची गरज नाही, कडा हीच भिंत. पुढे खांब, वर एका बाजूला उतरते छप्पर. ज्या चर्चमध्ये पुढे राजाला मुकुट चढला, त्याचा आरंभ एका पडवीत झाला. गरिबाच्या बांधकामाची हीच रीत आहे. जे आयते उभे आहे, त्याला टेकावयाचे.

यानंतर राजा येतो. बर्गंडी राज्याचा युवराज सिगिस्मंड याने 515 मध्ये येथे मठ स्थापिला. 22 सप्टेंबर, म्हणजे मॉरिसच्या स्मरणाचा दिवस, हा त्याचा आरंभदिन मानतात. व्हिएन शहराचा बिशप आव्हिटस याने त्या वेळी प्रवचन केले आणि त्याचे काही तुकडे आजही उपलब्ध आहेत. सिगिस्मंडने मठाला जमिनी दिल्या, निरनिराळ्या मठांतून साधू आणविले आणि त्यांच्या तुकड्या पाडल्या. एक तुकडी गात असावयाची, तिची वेळ संपली की दुसरीने उभे राहावयाचे, दुसरीनंतर तिसरीने. दिवस नाही, रात्र नाही. याला लॅटिनमध्ये नाव पडले लाउस पेरेन्निस, म्हणजे अखंड स्तवन. पूर्वेकडे कॉन्स्टंटिनोपल येथे ‘न झोपणारे’ म्हणून ओळखले जाणारे साधू होते, त्यांच्यापासून ही कल्पना आली असावी. या तुकड्यांना शब्द होता तुर्मा, आणि रोमन घोडदळाच्या तुकडीलाही हाच शब्द. शिपायांच्या समाधीवर गाणाऱ्या साधूंनी नाव घेतले तेही शिपायांचेच.

ज्यांनी आपल्याकडचा अखंड हरिनाम सप्ताह पाहिला आहे, त्यांना हे समजावून सांगावयास नको. वीणा खाली टेकवावयाची नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जावयाची. आपला सप्ताह सात दिवसांचा. या मठात ही प्रथा तीनशे वर्षे चालू राहिली. नवव्या शतकाच्या पूर्वार्धात साधूंच्या जागी कॅनन नावाचे धर्माधिकारी आले, तेव्हा ती बंद पडली.

परंतु बंधुहो, कामगार चळवळीतल्या माणसाने येथे मान डोलावून पुढे जाणे बरे नव्हे. येथे दोन गोष्टी विचारल्याच पाहिजेत. पहिली, हा राजा कोण? 516 मध्ये सिगिस्मंड गादीवर बसला आणि 522 मध्ये दुसऱ्या राणीच्या सांगण्यावरून त्याने आपल्या पहिल्या राणीच्या मुलाला गळा दाबून मारविले. मग पश्चात्ताप होऊन तो याच मठात येऊन रडत बसला. पुढल्याच वर्षी फ्रँक राजांनी त्याला पकडले आणि बायकोमुलांसह मारून ऑर्लेआँजवळच्या एका विहिरीत टाकले. काही वर्षांनी त्याचा देह मठात आणला गेला आणि लोक त्यालाही संत म्हणू लागले. ज्या कड्याखाली हुकूम नाकारणारे निजले होते, त्यांच्या शेजारी असा हुकूम देणारा येऊन निजला.

दुसरी गोष्ट अधिक साधी आहे. रात्रंदिवस गाणाऱ्याला रात्रंदिवस जेवू कोण घालीत होते? राजाने जमिनी दिल्या, हे खरे. पण जमीन आपोआप पिकत नाही. त्या जमिनी कसणारे, द्राक्षे खुडणारे, गुरे वर चारणीला नेणारे, दळणारे आणि लाकूड वाहणारे लोक होते. अखंड स्तवनाची आणखी एक पाळी चर्चच्या बाहेर शेतात चालू होती. तिला तुर्मा कोणी म्हटले नाही. मठाच्या पहिल्या मठाधिपतीचे नाव आपल्याला माहीत आहे, ते ह्यम्नेमोडस. नांगर धरणाऱ्याचे नाव कोठेच नाही.

मात्र कारागिरांच्या बाबतीत या मठाने आमच्यावर एक उपकार केला आहे. मठाच्या भांडारात पुष्कळ मौल्यवान वस्तू आहेत. कँडिडसचे एक चांदीने मढविलेले मस्तक आहे. बाराव्या शतकातले, आत लाकूड कोरलेले, आणि खालच्या बैठकीवर त्याच्या शिरच्छेदाचा देखावा. पण आम्ही शोधीत होतो ती वस्तू वीतभर लांबीची एक पेटी होती. सातव्या शतकातली ही अस्थिपेटिका सोन्याची असून तिच्यावर लाल तामडी आणि काचा यांचे बारीक कोंदणकाम आहे. मधूनमधून मोती आणि रत्ने बसविली आहेत. पुढची बाजू पाहून लोक पुढे सरकत होते. खरी गंमत तिच्या पाठीवर आहे. तेथे लॅटिन अक्षरांत मजकूर आहे. त्याचा आशय असा की, थ्यूडेरिक नावाच्या धर्मोपदेशकाने संत मॉरिसच्या सन्मानार्थ ही करविली. नॉर्डोआलाउस आणि रिहलिंडिस यांनी ती घडविण्यास सांगितले. आणि उंडिहो व एल्लो यांनी ती घडविली.

उंडिहो आणि एल्लो. पैसे देणाऱ्यांच्या ओळीखाली काम करणाऱ्यांची ओळ. तेराशे वर्षांपूर्वीच्या दोन सोनारांची नावे, त्यांनीच घडविलेल्या वस्तूवर. आम्ही त्या काचेपुढे बराच वेळ उभे होतो. आमच्या वडिलांनी आयुष्यात किती वार कापड विणले, याचा हिशेब नाही. पण त्या कापडाच्या कडेवर नाव छापले जाई ते गिरणीचे.

आता चर्चच्या इमारतीकडे वळू. तुम्ही म्हणाल, 1500 वर्षांचे चर्च, तर मग ते दिसते कसे? याचे उत्तर असे की, तसे एक चर्च मुळी नाहीच. कड्याच्या पायथ्याशी मार्तोले म्हणून एक मोकळी जागा आहे. तेथे 1896 पासून पिएर बूर्बाँ या मठातल्याच कॅननने उत्खनन आरंभिले. 1940 च्या दशकात जिनीव्हाचे पुरातत्त्वज्ञ लुई ब्लाँडेल यांनी ते मोठ्या प्रमाणावर पुढे नेले आणि 2001 नंतर पुन्हा नव्याने अभ्यास झाला. जमिनीखाली सापडले ते एका चर्चचे अवशेष नव्हेत. एकावर एक, एकाच्या पोटात दुसरे, अशी चर्चांची मालिकाच सापडली. थिओडोरची पडवी, तिच्या जागी सिगिस्मंडच्या वेळचे चर्च, 574 मध्ये लाँबर्ड लोकांची धाड आल्यानंतरची दुरुस्ती आणि वाढ, मग आठव्या शतकाच्या अखेरीचे मोठे चर्च. या शेवटच्याला पूर्वेस आणि पश्चिमेस अशी दोन्ही टोकांना अर्धवर्तुळाकार गर्भगृहे होती. ही सर्व चर्चे कड्याला समांतर, पूर्वपश्चिम अशी पसरली होती. याच मठात 888 मध्ये रूडॉल्फने बर्गंडीचा राजा म्हणून मुकुट घातला. दहाव्या शतकात सारासेन टोळ्यांनी मठ जाळला; 940 मध्ये आउग्सबुर्गचा बिशप उलरिख तेथे आला, तेव्हा त्याला जळके अवशेष पाहावयास मिळाले. तरी 990 मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप रोमहून परत जाताना याच गावी मुक्काम करतात, अशी त्यांच्या प्रवासाच्या टिपणात नोंद आहे. म्हणजे पन्नास वर्षांत वाटसरूला पुन्हा दार उघडे होते.

अकराव्या शतकात पश्चिमेच्या गर्भगृहाच्या जागी दगडी मनोरा उभा राहिला. आजच्या सेंट मॉरिसमध्ये जमिनीवर उभे असलेले सर्वांत जुने मोठे बांधकाम ते हेच. मनोरा चौकोनी, जाड भिंतींचा. वरच्या मजल्यांवर अर्धगोल कमानींच्या जोडखिडक्या. या पद्धतीला रोमनेस्क म्हणतात. तीत डौलापेक्षा भार पेलण्याची तयारी जास्त दिसते. भिंत जाड, उघडीप लहान, कमान गोल. त्यानंतर 1128 मध्ये कॅननांनी संत ऑगस्टीनचा नियम स्वीकारला आणि त्याच नियमाने चालणारा समाज तेथे आजही आहे.

पण ज्या कड्याने पहिल्या पडवीला भिंत दिली, तोच कडा या चर्चचा सर्वांत जुना वैरी आहे. या खोऱ्यात डोंगर कोसळणे ही नवी गोष्ट नव्हे. 563 मध्ये रोनच्या खोऱ्यात एवढा मोठा डोंगर कोसळला की, जिनीव्हा सरोवरात प्रचंड लाट उठून काठची गावे वाहून गेली आणि थेट जिनीव्हा शहरात माणसे मेली. त्या काळच्या दोन इतिहासकारांनी याची नोंद केली आहे. मठावर मात्र घाला आला तो 1611 च्या जानेवारीत. कड्यावरून शिळा सुटल्या आणि मध्ययुगीन चर्च उद्ध्वस्त झाले.

तेव्हा त्या लोकांपुढे काय मार्ग होते, याचा विचार करा. गाव सोडून सपाटीवर जाता आले असते. तेथेच पुन्हा बांधून देवावर हवाला ठेवता आला असता. त्यांनी तिसरी गोष्ट केली. जागा सोडली नाही, पण चर्च कड्यापासून बाजूला सरकविले आणि त्याची दिशाच फिरविली. एक हजार वर्षे चर्च कड्याच्या कडेने पूर्वपश्चिम पडलेले होते. नवे चर्च उत्तरदक्षिण उभे केले. चर्चचे तोंड पूर्वेस असावे, हा ख्रिस्ती बांधकामाचा जुना संकेत. तो त्यांनी मोडला, कारण माणसांच्या डोक्यावर पुन्हा दगड पडू नयेत. काम 1614 मध्ये सुरू झाले आणि 1627 मध्ये चर्चची प्रतिष्ठापना झाली. मधली तेरा वर्षे ते लोक दगड उचलीत होते. पुढे 1693 मध्ये मोठी आग लागून मठ आणि गाव दोन्ही जळाली, पुन्हा बांधली.

मग 1942 चा 3 मार्च. युरोपभर महायुद्ध पेटले होते, स्वित्झर्लंड तटस्थ होते, बाँब टाकणारे विमान आले नव्हते. कड्याची एक शिळा सुटली आणि मनोऱ्यावर आदळली. नऊशे वर्षांचा मनोरा फुटला आणि चर्चचेही नुकसान झाले. मनोऱ्याची डागडुजी झाली, चर्च वाढविण्यात आले आणि 1949 मध्ये त्याची पुन्हा प्रतिष्ठापना झाली. आत शिरले की तीन दालनांचे, खांबांच्या ओळींचे, साधेसे चर्च दिसते. खिडक्यांच्या रंगीत काचांत एडमंड बीय या चित्रकाराने थीब्झच्या पथकाची कथा रंगविली आहे.

चर्चच्या मागच्या बाजूने मार्तोलेत गेलो. उत्खननात उघडे पडलेले अवशेष उन्हापावसापासून राखण्यासाठी 2010 मध्ये तेथे छत घातले आहे. ते छत खांबांवर उभारलेले नाही, कड्याला तारांनी टांगलेले आहे. उजेड आत येऊ देणारे आहे, आणि त्याच्यावर दगड पसरलेले आहेत. खाली उभे राहून वर पाहिले की, त्या दगडांच्या सावल्या डोक्यावर तरंगताना दिसतात. ज्या कड्याने चर्च पाडले, त्याच कड्याला धरून आज त्या चर्चचे अवशेष राखले जात आहेत. आम्ही भिंतींच्या त्या खुणांत हिंडलो. ही थिओडोरच्या वेळची, ही सिगिस्मंडच्या वेळची, ही त्यानंतरची. एकही भिंत कमरेच्या फार वर गेलेली आढळली नाही.

तेथे उभे असताना आम्हांला जे वाटले, ते सांगून हे व्याख्यान आटोपते घेतो. आम्ही ज्या गोष्टीला 1500 वर्षांचे चर्च म्हणतो, तिच्यात 1500 वर्षे उभी राहिलेली अशी एकही भिंत नाही. आग, धाड, डोंगर यांनी एकूण एक इमारत पाडली. अखंड स्तवनाची प्रथासुद्धा एके दिवशी थांबली. साधू गेले, कॅनन आले. नियम बदलला, दिशा बदलली. जे टिकले ते हे की, आधीच्या तुकडीने खाली ठेवलेले काम उचलावयास पुढची तुकडी प्रत्येक वेळी हजर राहिली. पुष्कळदा ती थोडी होती, पुष्कळदा ती राखेत आली, पण आली.

हे आम्ही आज का सांगतो? तीन वर्षांपूर्वी आमच्या संघटनेची कचेरी गेली. चाळीतली एक खोली होती. चाळ पाडून तेथे उंच इमारत होणार होती, आणि आमच्याजवळ भाडेपावतीपलीकडे काही नव्हते. फलक, वडिलांच्या पिढीच्या सभांचे फोटो, जुनी इतिवृत्ते असे सगळे सामान टेंपोत घालून एका सभासदाच्या घरी पोटमाळ्यावर टाकले. त्या दिवशी आमचे एक जुने सहकारी म्हणाले, “संपले हो आता सगळे.” गिरणी गेली, कचेरी गेली, माणसे पांगली. त्या क्षणी आम्हांलाही तसेच वाटले. आम्ही त्यांना उत्तर दिले नाही. आज देतो आहोत, आणि ते पहिल्या रांगेत बसलेले आहेत.

दादा, कचेरी ही भिंत होती. भिंत पडली म्हणून रडू नये, असे आम्ही म्हणत नाही. सेंट मॉरिसचे लोकही 1611 मध्ये रडलेच असतील. पण त्यांनी दिशा फिरविली. आपली संघटना गिरणीच्या दाराला टेकून उभी होती, पडवीसारखी. ते दार आता नाही. आज काम करणारा माणूस झाडू घेऊन पहाटे चारला सडकेवर आहे, तो कंत्राटदाराकडे आहे, त्याला हजेरीपट दाखविला जात नाही. आपल्याला तिकडे तोंड करून बसावयास हवे.

त्याप्रमाणे गेल्या महिन्यात आम्ही सभासदांची वही आणि पावतीपुस्तक सफाई कामगारांतल्या एका मुलीच्या हवाली केले. ती अठ्ठावीस वर्षांची आहे, अक्षर आमच्यापेक्षा चांगले आहे. वहीच्या पहिल्या पानावर आजवर ती सांभाळणाऱ्यांची नावे ओळीने लिहिलेली आहेत, आमच्या वडिलांच्या वेळेपासूनची. आमच्या नावाखाली तिने आपले नाव लिहिले. वर्गणी गोळा करावयास उद्या पहाटे ती निघेल. आम्ही बरोबर जाणार आहो, पण पावत्या ती फाडील. तेव्हा आम्हांलाही लवकर उठावयाचे आहे आणि आपलाही बराच वेळ घेतला आहे.